दहावीच्या बॅचचा मेळावा: आधी यादी, मग लॉन

नागपुरात दहावीच्या बॅचचा मेळावा ठरला की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी होतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, कोणीतरी वर्धा रोडवरच्या लॉनचा भाव काढून आणतो आणि टी-शर्टच्या रंगावरून भांडण लागतं. यादी मात्र कोणाकडेच नसते. ज्यांचे नंबर आधीपासून एकमेकांच्या फोनमध्ये आहेत ते पन्नास-साठ जण ग्रुपवर येतात, तेच मेळाव्याला येतात, आणि स्टेजवरून जाहीर होतं, "आपली पूर्ण बॅच आज एकत्र आली." चार तुकड्यांची शाळा असेल आणि तुकडीत पन्नास-पंचावन्न पोरं धरली, तर बॅच दोनशेच्या वर जाते. उरलेले दीडशे कुठे आहेत, हे कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून हॉल, जेवण, कॉन्ट्री सगळं नंतर. यादीला किमान चार महिने द्या.

यादी करताना पहिली चूक होते ती "दहावी पास झालेले" हे माप लावण्यात. नववीत नापास होऊन मागे राहिलेला, आठवीतून शाळा सुटलेला, वडिलांची बदली झाली म्हणून मधेच टीसी घेऊन गेलेला, ही सगळी माणसं त्यात गळतात. पाचवी ते दहावी यातलं एक वर्ष जरी जो आपल्या वर्गात बसला तो आपल्या बॅचचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. वर्षाचा घोळही आधीच मिटवा. शाळेच्या दप्तरात शैक्षणिक वर्ष १९९९-२००० असं लिहिलेलं असतं, तर लोक "आमची २००० ची बॅच" म्हणतात, म्हणजे मार्चमधल्या परीक्षेचं वर्ष. शिपायाला चुकीचं वर्ष सांगितलं की तो भलतंच रजिस्टर काढून आणतो आणि दिवस वाया जातो. त्याहून जुन्यांसाठी आणखी एक भानगड: नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी १९७५ साली झाली. त्याआधीचे लोक "मॅट्रिक" म्हणतात तेव्हा त्यांना अकरावी म्हणायची असते.

नावं शाळेतूनच मिळतात. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि कारण असतं. पण त्यात जात आणि जन्मतारीखही असते, म्हणून मुख्याध्यापक ते हातात देत नाहीत, आणि देऊही नये. मोबाईलने पानांचे फोटो काढू देण्याचा आग्रह धरू नका. साध्या कागदावर अर्ज करा: बॅचचं वर्ष, तुकड्या, कशासाठी हवं आहे, दोघा-तिघांच्या सह्या, सोबत आपल्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. मागणी फक्त नावांची ठेवा. कार्यालयातल्या बाबूंच्या समोर बसून वहीत नावं उतरवून घ्यायची तयारी दाखवली तर काम लवकर होतं. कधी जायचं हेही महत्त्वाचं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा प्रवेशांची गर्दी असते; फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. ऑगस्ट बरा, किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे दोन आठवडे.

रजिस्टर नाही मिळालं तर दहावीचा ग्रुप फोटो शोधा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंखाली बहुतेक वेळा रांगेप्रमाणे नावं छापलेली असतात. प्रत्येक तुकडीचा एक तरी फोटो कोणाच्या तरी आईच्या कपाटात निघतोच. शाळेचा वार्षिकांक असेल तर उत्तम.

नावं आली की एक साधी शीट करा. रकाने असे: शाळेतलं नाव, आत्ताचं नाव, तुकडी, हाक मारायचं नाव, तेव्हाचा मोहल्ला, वडील कुठे कामाला होते, शोधणार कोण, आणि शेवटी स्थिती. "हाक मारायचं नाव" हा रकाना गमतीसाठी नाही. वानखेडे, मेश्राम, ठाकरे प्रत्येक वर्गात दोन-तीन, त्यात संजय आणि प्रकाश पुन्हा दोन-दोन. पूर्ण नावाने कोणाला काही आठवत नाही, "ढब्बू" म्हटलं की सगळ्यांना आठवतं. फक्त ते नाव शीटमध्येच राहू द्या. पन्नाशीच्या माणसाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ते छापायचं की नाही हे त्यालाच विचारा.

मोहल्ल्याचा रकाना सर्वात जास्त माणसं काढून देतो. शाळेतली पोरं शाळेच्या दोन-तीन किलोमीटरच्या आतलीच असत. महाल, इतवारी, गणेशपेठचे वाडे विकून लोक मनीषनगर, बेसा, हुडकेश्वरकडे गेले, पण जुन्या मोहल्ल्यातला किराणावाला, चक्कीवाला, न्हावी आणि औषधाचं दुकान अजून तिथेच आहे. "अमक्याचं घर इथे होतं, आता कुठे राहतात?" हा प्रश्न त्यांना दर महिन्याला कोणीतरी विचारतं; त्यांना नवा ले-आऊट, म्हणजे नवी वस्तीही माहीत असते आणि कोणत्या भावाचं कोणाशी पटत नाही हेही. रविवारी सकाळी दोघांनी मिळून एकेक मोहल्ला फिरला तर फोनवर महिनाभरात होत नाही ते काम होतं.

वडिलांच्या नोकरीचा रकाना त्याच्याखालोखाल. अजनीची रेल्वे कॉलनी, अंबाझरीची आयुध निर्माणी, वायुसेनानगर, कोराडीचं वीज केंद्र, महालेखापालांचं एजी ऑफिस, पर्यावरण संशोधनाची नीरी, कोळसा खाणींची वेकोलि. या वसाहतींतली पोरं बदलीने गेली, पण त्यांचे वडील निवृत्त झाले तरी पेन्शनरांच्या ओळखी टिकून असतात. एम्प्रेस आणि मॉडेल मिलमधल्या कामगारांची पोरं शोधायला सगळ्यात जड जातात. मिल बंद पडल्या, घरं पांगली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शाळाही तेव्हाच सुटली. त्यांच्यासाठी जास्त वेळ धरा, कारण ग्रुपच्या लिंकवरून ते आपणहून येत नाहीत.

मुलींचा भाग वेगळाच. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. फेसबुकवर शाळेतलं नाव टाकून शोधण्यात अर्थ नाही. माहेरच्या बाजूने जा: भाऊ कोणत्या वर्गात होता, धाकटी बहीण कोणत्या बॅचला, आई-वडील कुठे असतात. हे काम वर्गातल्या मुलींनीच करायचं, हे पक्कं. मुलाने तिच्या भावाला फोन करून बहिणीचा नंबर मागितला की भाऊ सावध होतो आणि तो दरवाजा बंद होतो. भावाकडे नंबर मागूच नका. आपला नंबर आणि वर्गाचा फोटो द्या आणि "ताईला सांगा, वाटलं तर तिने फोन करावा" म्हणा.

पहिला फोन कोणी करायचा? शेजारच्या बाकावर जो बसायचा त्याने. संयोजन समितीच्या अध्यक्षाने नव्हे. अनोळखी नंबरवरून "ओळखलं का बे?" एवढंच आलं की आजकाल माणसाला तीन शंका येतात: फसवणूक, विमा, नाहीतर चेन मार्केटिंग. म्हणून आधी ग्रुप फोटो पाठवा, त्यात त्याच्या डोक्यावर बाण काढा, खाली आपलं नाव, तुकडी, बाक लिहा, आणि मग तासाभराने फोन करा. ओळखा पाहू हा खेळ नको. "काय करतोस?" हा प्रश्न पहिल्या फोनवर नको. ज्याची नोकरी गेलेली आहे, ज्याचं दुकान बसलेलं आहे, तो याच प्रश्नाला घाबरून फोन ठेवतो आणि परत उचलत नाही. "नंबर ग्रुपवर टाकू का?" हे मात्र विचारा, आणि नाही म्हटलं तर खरंच टाकू नका.

यादीत काही नावांपुढे "वारला" असं कोणीतरी सांगेल. दोन वेगवेगळ्या बाजूंनी, शक्यतो घरच्यांकडून खात्री झाल्याशिवाय ते लिहू नका. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली जाणं ही या कामातली सर्वात लाजिरवाणी चूक, आणि एकसारख्या नावांमुळे ती सहज घडते.

आता ग्रुपबद्दल थोडं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला १०२४ ची मर्यादा आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही, अडचण गोंगाटाची. पहिल्या दिवशी तीनशे मेसेज पडतात, अर्धे लोक आवाज बंद करून ठेवतात, आणि तारीख जाहीर होते तेव्हा ती त्यांना दिसतच नाही. दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहितील, तिथे तारीख, पैसे, पत्ता एवढंच. दुसऱ्यात काय घालायचा तो धुडगूस घाला. प्रत्येक तुकडीतून एक मुलगा, एक मुलगी असे ॲडमिन ठेवा. जुन्या "हिच्यावर तुझं होतं ना" छापाच्या चेष्टा पहिल्या वेळीच थांबवा. बायका न बोलता ग्रुप सोडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि एक गेली की तिच्या मागोमाग चार जातात.

तारीख. मे महिन्याचं नाव काढू नका. पंचेचाळीस डिग्रीत लॉनवर कोणी बसत नाही आणि सत्तरीच्या सरांना बोलावणं तर पापच. डिसेंबर सगळ्यांना आवडतो, पण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. त्या काळात चांगली हॉटेलं भरलेली, विमानाची तिकिटं महाग, सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीत मोर्चे आणि बॅरिकेड. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा रेल्वेत जागा मिळणं कठीण. माझ्या मते दोन खिडक्या चांगल्या. पहिली भाऊबीजेचा दुसरा दिवस: त्या दोन-तीन दिवसांत माहेरी आलेल्या मुली नागपुरात असतात, वर्षात इतक्या एकदम कधीच नसतात. प्रत्यक्ष भाऊबीजेला ठेवू नका, घरून कोणी सोडत नाही. दुसरी खिडकी २५ डिसेंबर ते संक्रांत. परदेशातले सुट्टीवर आलेले असतात, आणि पौषात लग्नं कमी म्हणून लॉनवाला भावात खाली येतो. फक्त कार्यक्रम दिवसा ठेवा. त्या दिवसांत रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि उघड्या लॉनवर नऊ वाजता सगळे शाली गुंडाळून पार्किंगकडे निघतात.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. तारीख चार महिने आधी जाहीर करा आणि बरोबर साठाव्या दिवशी सकाळी आठच्या आधी पुण्या-मुंबईवाल्यांना आठवण पाठवा. पुण्याच्या काही गाड्या अजनीहून सुटतात, ते तिकीट काढतानाच बघायला सांगा.

जागा म्हणाल तर पहिल्या मेळाव्याला शाळाच. लॉन, रिसॉर्ट पुढच्या वेळी. रविवारी शाळा रिकामी असते असं समजू नका; स्पर्धा परीक्षांची केंद्रं रविवारीच लागतात आणि मग महिनाभर आधी दिलेली परवानगी मागे घ्यावी लागते. परवानगी लेखी घ्या, मुख्याध्यापकांची आणि संस्थेचीही. शाळेच्या भोवतालचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येतो, तेव्हा डीजेचा विचार सोडा. तसाही डीजे लागला की बोलणं संपतं, आणि लोक बोलायलाच आलेले असतात. स्वच्छतागृहं आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा, पाणी सोडून बघा.

ज्यांना संध्याकाळची "बसायची" व्यवस्था वेगळी करायची आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. परवाना नसलेल्या जागी दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. आणि बोर धरणाकडचं रिसॉर्ट छान वाटलं तरी बुकिंगआधी जिल्हा बघा: वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, गडचिरोलीही. रामटेक-खिंडसीची बाजू नागपूर जिल्ह्यातच येते. त्या गटाचा खर्च मुख्य हिशेबात मिसळू देऊ नका, त्यावरून पुढे वर्षभर भांडणं चालतात.

पैशाचं गणित एकदा कागदावर करा. काही खर्च माणसं कितीही आली तरी तेवढाच राहतो: मांडव, खुर्च्या, माईक, फोटोवाला. काही खर्च माणशी. समजा स्थिर खर्च ७२,००० आहे आणि १२० जण येणार, म्हणजे डोक्यामागे ६००. नाश्ता-जेवण ५५०, आठवणीची वस्तू १५०. झाले १३००. वर्गणी १५०० ठेवा, कारण ९० च आले तर ते ६०० वाढून ८०० होतात आणि बेरीज बरोबर १५०० होते. १३०० च घेतले असते तर फरक खजिनदाराच्या खिशातून गेला असता. वर्गणी दोन टप्प्यांत घ्या: ५०० नाव पक्कं करायला, बाकी मेळाव्याच्या वीस दिवस आधीपर्यंत. "येतो ना बे, पक्का" म्हणणारा माणूस मोजायचा नाही. ५०० भरलेला मोजायचा. कॅटररला हमीचा आकडाही त्यावरूनच द्या. यूपीआय करताना नाव आणि तुकडी लिहायला सांगा, नाहीतर कोणाच्या बायकोच्या, कोणाच्या पोराच्या नावाने पैसे येतात आणि जुळवणी करताना डोकं फिरतं. नोंदणीकृत हॉल घेतलाच तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. भाव विचारताना तो धरून विचारा.

भरलेल्यांची यादी दर आठवड्याला ग्रुपवर टाकायची पद्धत आहे. ती बंद करा. न भरलेल्यांची नावं त्यातून आपोआप जाहीर होतात आणि ज्याच्याकडे खरंच पंधराशे रुपये नाहीत तो "गावाला चाललो" सांगून मोकळा होतो. फक्त एकूण आकडा टाका. दोन-चार खाती-पिती माणसं जास्तीचे देतातच. ते कोणासाठी वापरले हे खजिनदार आणि देणारा सोडून तिसऱ्याला कळता कामा नये, आणि देणाऱ्याचा स्टेजवर सत्कारही नको. घरच्यांना आणायचं का, हा प्रश्न हमखास निघतो. पहिल्या वेळी नको. माणसं दुप्पट होतात आणि प्रत्येक जण आपल्या बायकोला किंवा नवऱ्याला कंटाळा येतोय का हे बघत बसतो.

शिक्षकांकडे मात्र पूर्ण लक्ष द्या. ते कुठे राहतात हे कळत नसेल तर त्यांच्या एखाद्या निवृत्त सहकाऱ्याला नोव्हेंबरमध्ये गाठा. हयातीचा दाखला द्यायला ही मंडळी बँकेत जातात आणि तिथे एकमेकांची खबर घेतात. प्रत्येक शिक्षकामागे एक विद्यार्थी आणि एक गाडी, घरापासून घरापर्यंत. खुर्ची हाताची, बसायची जागा तळमजल्यावर. त्यांना अकरा ते एक एवढाच वेळ मागा, आणि जेवण साडेबाराला वाढा. मधुमेहाची गोळी घेतलेली असते आणि भाषणं लांबलेली असतात. आठवडाभर आधी नावं लिहिलेला ग्रुप फोटो त्यांच्या घरी पोचवा. "सर, ओळखलं का मला?" हा प्रश्न शंभर जण विचारणार आहेत, निदान तयारीला वेळ द्या. शाल-श्रीफळ वीस मिनिटांत आटोपा.

दिवसाचा वेळ हमखास खाते ती ओळखपरेड. १२० जण, प्रत्येकी एक मिनिट म्हणजे दोन तास, आणि माईक हातात आल्यावर एका मिनिटात कोणी थांबत नाही. त्यापेक्षा आपापल्या जुन्या वर्गात तुकडीप्रमाणे बसा. तीस जण, दीड मिनिट, पाऊण तासात सगळ्या तुकड्यांचं एकाच वेळी उरकतं. जमलं तर वर्गशिक्षकांना जुन्या क्रमाने हजेरी घेऊ द्या. जे गेले त्यांची नावंही हजेरीत तिथल्या तिथे येतात, वर्ग आपोआप गप्प होतो, वेगळा श्रद्धांजलीचा कार्यक्रम लागत नाही. त्यांच्या घरच्यांना मात्र आधी विचारून ठेवा.

बिल्ल्यावर शाळेतलं नाव मोठ्या अक्षरात, चार हातांवरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. मुलींचं माहेरचं नाव वर. हुद्दा, कंपनी काही नाही. टी-शर्ट छापू नका. मापं चुकतात, बायका घालत नाहीत, आणि उरलेले वीस मीडियम संयोजकाच्या घरी पोछा होतात. त्याच पैशात तुकडीचा जुना फोटो चांगल्या कागदावर छापून द्या. सगळ्यांचा मोठा फोटो जेवणाआधीच काढा. जेवण झालं की "जरा काम आहे" म्हणून लोक सटकतात.

नाश्ता तर्री पोह्यांचाच, त्यात मतभेद नको. एक किलो कोरड्या पोह्यांत दहा-बारा प्लेटी निघतात, म्हणजे शंभर माणसांना नऊ-दहा किलो. तर्रीला अडीच किलो हरभरा रात्रीच भिजवा. पोहे एकदम सगळे फोडणीला टाकले की शेवटच्या तीस प्लेटी गार आणि चिवट होतात, म्हणून तीन घाणे. तर्री वेगळ्या भांड्यात, ज्याला पाहिजे तो घेईल. दुपारी वडाभात, पाटोडी, वांग्याची भाजी. सावजीचा हट्ट कोणीतरी धरणारच. धरू द्या, पण टेबल वेगळं आणि शेजारी ताक. दहावीत जे पचत होतं ते आता पचत नाही. दिवाळीनंतरचा मेळावा असेल तर मिठाईचा खर्च वाचवून आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली दारात ठेवा, बाहेरगावचे जाताना चार खिशात घालतात.

शाळेला काही द्यायचं ठरलं तर आधी मुख्याध्यापकांना विचारा. बॅचच्या नावाची पाटी लावलेले वॉटर कूलर अनेक शाळांत बंद पडलेले दिसतात, कारण कूलर दिला जातो पण फिल्टर बदलायचे पैसे कोणी देत नाही. द्यायचाच तर पाच वर्षांच्या देखभालीसकट द्या आणि संस्थेच्या नावाची पावती घ्या. हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर, पावत्यांसकट.

आणि न सापडलेल्यांची यादी. ती मोठ्या अक्षरात एका कागदावर छापून नोंदणीच्या टेबलाशेजारी लावा, खाली दोरीने पेन बांधा. "हा उमरेडला असतो", "हिची बहीण माझ्या शेजारी राहते" असं लोक येता-जाता लिहून जातात. चार महिन्यांच्या फोनाफोनीत न मिळालेले पत्ते तिथे निघतात. संध्याकाळी त्या कागदाचा फोटो काढून घ्या, नाहीतर मांडववाला पडद्यांसोबत तोही गुंडाळून नेतो.